आईचा रिपोर्ट, मुलाचा फोन

मिसिसागाहून एका भगिनीने विचारले आहे : सासूबाईंच्या बायोप्सीचा रिपोर्ट शुक्रवारी रात्री नवऱ्याच्या फोनवर आला. डॉक्टरांची भेट बुधवारी आहे. तोवर काय करायचे?

तोवर गुगल करायचे नाही, एवढे तर नक्की. पण खरा निर्णय बायोप्सीच्या आधीच घ्यायला हवा होता. टोरोंटो जनरल, टोरोंटो वेस्टर्न आणि प्रिन्सेस मार्गारेट ही रुग्णालये चालवणाऱ्या युनिव्हर्सिटी हेल्थ नेटवर्कने 2017 मध्ये रुग्णांसाठी पोर्टल सुरू केले. तिथे बहुतेकदा रिपोर्ट तयार होताच रुग्णाला दिसतो, मग डॉक्टरांनी तो पाहिलेला असो वा नसो. रुग्णाला आपली कागदपत्रे पाहता आली पाहिजेत, हे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्येच सांगितले आहे. मला हे पटते. फक्त हक्क आहे म्हणून रात्री अकरा वाजता उघडून बघायलाच हवे, असे नाही. तपासणीला जाताना आईंनाच विचारा : रिपोर्ट आला तर लगेच बघायचा, की डॉक्टरांकडून ऐकायचा? त्या म्हणतील तसे करा.

आणि तो नवऱ्याच्या फोनवर का आला? आपल्या घरांत सर्रास असे होते. आईच्या नावाचे खाते, मुलाचा ईमेल, पासवर्ड सुनेलाही ठाऊक. मग मुलगा आईच्या नावाने निरोप धाडतो आणि डॉक्टर समजतात की आईच लिहिताहेत. अंगावरून जाणे, लघवीवर ताबा नसणे, नैराश्याची गोळी या गोष्टी मुलाने वाचाव्यात असे आईंना वाटते का, हे कुणी विचारलेलेच नसते. अशा बहुतेक पोर्टलवर नातेवाइकाला प्रतिनिधी म्हणून रीतसर जोडून घेण्याची सोय असते. आईंचे खाते आईंचेच राहू द्या, मुलगा स्वतःच्या खात्यातून बघेल. नोंदणी बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर विचारून करा. ईमेलमध्ये आलेल्या अनोळखी दुव्यावरून मात्र नको. 2019 मध्ये लाइफलॅब्स या वैद्यकीय तपासण्या करणाऱ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा दीड कोटी लोकांची माहिती धोक्यात आली होती.

पोर्टलवरच्या निरोपाला उत्तर यायला दोन-तीन दिवस लागू शकतात. छातीत दुखतेय, तोंड वाकडे झालेय, श्वास लागतोय, तर टाइप करत बसू नका, 911 लावा. दवाखान्यात जावे की नको असा संभ्रम असेल, तर ऑन्टारियोत 811 वर चोवीस तास नर्स भेटते आणि दुभाषाही मागता येतो.

फॅमिली डॉक्टरांना रुग्णालयाचा रिपोर्ट आपोआप मिळाला असेल, असे धरून चालू नका. इथे अजून फॅक्स चालतो, हो, 2020 नंतरही! भेटीला जाताना प्रत न्या.

भारतातून आलेल्या आईबाबांसाठी आकड्यांचा घोळ वेगळाच. इथे साखर मिलिमोलमध्ये येते. उपाशीपोटी 7 दिसले की साखर फारच उतरली असे वाटून घरात धावपळ होते, पण तिला 18 ने गुणा : आपल्याकडचे 126, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. क्रिएटिनिन 88 आले तर ते भारतातले सुमारे 1. एचबीएवनसी मात्र दोन्हीकडे टक्क्यांतच. आईबाबा पुण्याला परतण्याआधी सगळे रिपोर्ट डाउनलोड करून एककांसकट छापून द्या. तिथल्या डॉक्टरांना नुसता 7 दाखवला, तर तेही दचकतील.