पणजीचं नाव फेरफारात सापडलं

आमचं मूळ गाव चाकणजवळ. आमच्या शिवारात आता कंपन्यांच्या शेड आहेत, बांधही उरलेले नाहीत. पणजोबा तरुणपणीच गेले, एवढंच घरात सांगत. त्यांचा माग काढताना जे कळलं ते असं.

१. आधी जमीन शोधा, माणूस मागून सापडतो. आजचा गट नंबर एकत्रीकरणानंतरचा असतो. त्यावरून जुना सर्व्हे नंबर भूमी अभिलेख कार्यालयातून काढा. कार्यालय तालुक्यावरून ठरतं: पिंपरी, चिंचवड, भोसरी ही गावं मूळची हवेली तालुक्यातली, चाकण मात्र खेडचं. त्यामुळे माझे हेलपाटे खेड तालुक्याच्या ठिकाणी, राजगुरुनगरला झाले.

२. सातबाऱ्यावर नावाशेजारी गोलात फेरफाराचे नंबर असतात. त्यांच्या नकला काढत एकेक पायरी मागे जा. हक्कनोंदीचा कायदा १९०३चा, म्हणून फेरफाराची वाट विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच नेते.

३. घरात मृत्युपत्राची आख्यायिका असेल तर तिच्यामागे आधी धावू नका. माझे सहा महिने त्यात गेले. १९५६चा हिंदू वारसा कायदा येईपर्यंत एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा मृत्युपत्राने देताच येत नसे. शेतकरी घरात मृत्युपत्र क्वचित असे, त्याचं हेही एक कारण. स्वतः कमावलेली मिळकत असेल आणि मृत्युपत्र नोंदवलेलं असेल, तर ते दुय्यम निबंधकाकडे पुस्तक क्रमांक ३ मध्ये असतं. करणारा हयात नसेल तर त्याची नक्कल कुणालाही मागता येते.

४. आद्याक्षरांपाशी थांबा. नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाकीच्या भावांची नावं तिथे नाहीत म्हणून त्यांना डावललं असं होत नाही. आमच्या भावकीत दोन पिढ्यांचा अबोला याच दोन-तीन अक्षरांवरून होता. नक्कल समोर ठेवली तेव्हा थोरले काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

५. मोडी दोघांकडून वाचून घ्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि घाईतल्या कारकुनी अक्षरात आडनावं सहज बदलतात. शक दिसला की ७८ मिळवा, इसवी सन साधारण कळतो. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचकांना मागणी वाढली आहे, तेव्हा थोडा धीर धरा.

६. वारसाचा फेरफार सगळ्यात नीट वाचा. आमच्या १९१८च्या नोंदीत पणजोबा मयत, वारस मुलगा, वय ४, आणि पुढे 'अ.पा.क. आई'. म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) वारसाची पालनकर्ती. त्यापुढे पणजीचं नाव. ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, आजोबाही तिला नुसतं आई म्हणायचे. कागदाच्या कडा तांबूस झाल्या होत्या, शाई मात्र ठळक होती. मग गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर पाहिलं. त्या ऑक्टोबरच्या पानावर एकाखाली एक 'ताप', 'ताप'. इन्फ्लुएन्झाची साथ ती. चार वर्षांचं पोर सांभाळून त्या बाईने जमीन राखली, आणि वंशावळीत तिला एक ओळ नव्हती.

आता आहे. तुमच्या घरी माळ्यावर पत्र्याची पेटी असेल, तर घर रिकामं करताना ती भंगारात देऊ नका. आतल्या शेतसाऱ्याच्या पावत्यांवर सर्व्हे नंबर असू शकतात.