कोळसुंद्यांची शिकार : परिसर अभ्यासाचा एक पाठ

राधानगरी, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडी व चंदगड या तालुक्यांतील डोंगराळ गावांत कोळसुंद्याचे नाव ऐकले नाही असे मूल विरळा. तथापि त्याची ओळख बहुधा भीतीतूनच झालेली असते. कोळसुंदा आपल्या शेपटीने मूत्र उडवून वाघालाही आंधळा करतो, ही कथा मुलांनी आजोबांकडून ऐकलेली असते. शिक्षकांनी पाठाचा आरंभ या कथेपासूनच करावा व ती मुलांकडूनच सांगवून घ्यावी. कथा खरी नाही. पण ती अगदीच निराधारही नाही. रानकुत्रे मूत्राचा वास ठेवून एकमेकांस खुणा देतात, आणि त्यासाठी कधी कधी पुढच्या दोन पायांवर उभे राहून मागील अंग वर उचलतात. हे चमत्कारिक दृश्य ज्याने दुरून पाहिले, त्याच्या मनात अशी कथा तयार होणे स्वाभाविक होते.

कोळसुंदा, कोळशिंदा किंवा रानकुत्रा हा गावच्या कुत्र्याचा लांबचा आप्त होय. रंग तांबूस, कान गोलसर, शेपटी झुबकेदार व टोकास काळी. वजन १२ ते २० किलो, म्हणजे फार तर दुसरीतिसरीच्या मुलाइतके. पूर्ण वाढलेला सांबर नर २०० किलोंहूनही जड असतो. मग आपल्या दहापटीहून मोठ्या जनावरास हा प्राणी कसा पाडतो, हा प्रश्न फळ्यावर लिहून मुलांना थोडा वेळ विचार करू द्यावा. ‘ते पुष्कळ असतात’ हे उत्तर लगेच येईल, पण तेवढ्यावर थांबू नये. पुष्कळ मेंढ्या मिळून लांडग्यास मारीत नाहीत. संख्येबरोबर कामाची वाटणी हवी.

ही वाटणी कशी होते याचा बारकाईने अभ्यास डॉ. ए. जे. टी. जॉनसिंग यांनी १९७६ ते १९७८ या काळात शेजारच्या कर्नाटकातील बंदीपूरच्या जंगलात केला. त्यांना दोन रीती आढळल्या. पहिल्या रीतीत कळपातील प्राणी दाट झुडपांतून आडव्या ओळीत पसरून चालतात. ज्यास सावज दिसेल तो चाल करतो व इतर त्याला येऊन मिळतात. दुसऱ्या रीतीत काही जण झुडपांत शिरतात आणि काही जण झुडपांच्या कडेला थांबून राहतात. आतून उठलेले सावज बाहेर पडले की थांबलेले त्याची वाट अडवितात. ही दुसरी रीत समजावण्यास मैदानावर आट्यापाट्यांचा डाव मांडावा. पाटी धरणारा गडी आपली पाटी सोडून धावत सुटला तर डाव गेला, हे मुलांना सांगावे लागत नाही. कडेला उभ्या राहिलेल्या कोळसुंद्याचे काम असेच आहे. कोळसुंदे सावजामागे कोसच्या कोस धावतात असे जुने शिकारी सांगत. प्रत्यक्षात बहुतेक पाठलाग काही शे मीटरांतच संपतात.

दाट रानात सोबती दिसत नाही, तेव्हा हे प्राणी शिट्टीसारखा आवाज काढून एकमेकांचा ठाव घेतात. शीळ ऐकून रानात माणूस आहे असे वाटावे, इतकी ती सारखी असते.

वरच्या वर्गांत येथे समुद्राचे उदाहरण जोडावे. ऑर्का नावाचा काळापांढरा शिकारी देवमासा अंटार्क्टिकच्या समुद्रात हीच ओळ पाण्यात धरतो. तरंगत्या बर्फावर सील बसलेला दिसला की काही ऑर्का शेजारी शेजारी येऊन एकदम बर्फाकडे पोहत जातात. त्यांच्या वेगाने उठलेली लाट बर्फावरून जाते व सील पाण्यात पडतो. एकट्या ऑर्काची लाट त्यास पुरत नाही. ऑर्काची पिल्ले मोठ्यांसोबत राहून ही कला शिकतात.

शिकारीचा शेवट मुलांपासून लपवू नये. वाघ गळा धरून मारतो. कोळसुंद्याचे जबडे मोठ्या सावजाला तसे पुरत नाहीत, म्हणून ते मागून व पोटाकडून लचके तोडतात आणि सावज रक्तस्रावाने मरते. हे दृश्य पाहवत नाही, आणि कोळसुंद्याच्या वाईट नावाचे मूळ येथेच आहे. ब्रिटिश अमदानीत त्याला मारणाऱ्यास बक्षीस मिळे. परंतु त्याच शिकारीनंतरची गोष्टही सांगावी : सोबत आलेल्या पिल्लांना मोठे प्राणी आधी खाऊ देतात; आणि बिळात पिल्ले असतील तेव्हा परतलेले कोळसुंदे पोटातील मांस ओकून पिल्लांना, त्यांच्या आईला व राखण करणाऱ्यासही भरवितात.

आज हा प्राणी जगातून नाहीसा होण्याच्या धोक्यात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास संरक्षण दिले आहे. आपल्या जिल्ह्यात गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले राधानगरी अभयारण्य, जे १९५८ साली दाजीपूर येथे सुरू झाले, आणि चांदोलीचे रान हे त्याचे आश्रय होत. गावच्या कुत्र्यांचे रोग त्यास लागतात, म्हणून रानालगतच्या वस्तीतील कुत्र्यांना लस टोचणे हे रानाचेही काम आहे. दुसरा धोका विषाचा. कोळसुंद्यांनी वासरू मारले की रागाच्या भरात मढ्यावर विष टाकले जाते. त्याने कोळसुंदेच नव्हे, तर घारी, मुंगूस व घरचे कुत्रेही मरतात. विष घालणे गुन्हा आहे. वन्य प्राण्याने मारलेल्या जनावराची भरपाई शासन देते. त्यासाठी मढे जागेवरून न हलविता वनरक्षकास ताबडतोब कळवावे लागते. ही माहिती पुष्कळ घरी पोचलेली नसते. मुलांनी ती घरी सांगावी, आणि गावच्या वनरक्षकाचे नाव व ठिकाण वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवावे.