कीर्तनांच्याच फायली बॅकअपमधून का गळतात?

प्रश्न : माझे आजोबा कीर्तनकार होते. त्यांच्या कीर्तनांच्या कॅसेटी वडिलांनी २०१२ मध्ये संगणकावर उतरवून घेतल्या. मूळ कॅसेटी २०१९च्या पुरात गेल्या. आमच्याकडे नॅस ड्राइव्ह आहे आणि विंडोज संगणकाचा बॅकअप रोज रात्री त्यावर जातो. गेले तीन महिने रोज सकाळी ‘४१ फायली कॉपी झाल्या नाहीत’ असं दिसतं. त्या सगळ्या कीर्तनांच्याच असतात. फोटो, बँकेचे कागद, मुलीचे प्रोजेक्ट नीट जातात. केबल बदलली, राउटर बदलला. दुकानदार म्हणतो, डिस्क खराब झाली, नवीन घ्या. पण त्याच फायली पेनड्राइव्हवर विनातक्रार जातात. तीन महिन्यांपूर्वी भाचा आला होता, त्याने नॅसवरचा फोल्डर एन्क्रिप्ट करून सुरक्षित करून दिला. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नवीन डिस्क एवढ्यात घेऊ नका. मात्र एक काम आजच्या आज करा : त्या ४१ फायली पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह भावाकडे, बहिणीकडे, कुठेही दुसऱ्या घरात ठेवा. भाच्याने एन्क्रिप्ट केलेला फोल्डर तयार करून जुन्यातलं सामान त्यात हलवलं असणार. या ४१ फायली तेव्हाही आत शिरल्या नसतील, आणि जुना फोल्डर नंतर पुसला गेला असेल, तर आजोबांचा आवाज तीन महिने फक्त तुमच्या संगणकातच आहे. कॅसेटी तर आता नाहीतच.

आता कारणाकडे वळू. बॅकअप सगळाच अडला, तर दोष बहुधा वाटेत असतो : वीज जाऊन आल्यावर राउटरने नॅसला नवा पत्ता दिला, पासवर्ड बदलला, संगणक रात्री झोपी गेला. तुमच्याकडे रोज त्याच फायली अडतात आणि त्यांच्या शेजारच्या हजारो फायली पार होतात. खराब डिस्क किंवा सैल केबल एवढी निवड करत नाही. म्हणजे त्या फायलींतच काही वेगळं आहे. तुम्ही सोबत पाठवलेल्या यादीतलं पहिलंच नाव पाहिलं आणि उलगडा झाला : ‘आजोबांचे कीर्तन आषाढी एकादशी विठ्ठल मंदिर सांगली १९९४ उत्तररंग भाग दुसरा’.

नाव लांब आहे आणि ते देवनागरीत आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की नॅसवर अडचण येते.

विंडोज फाइलच्या नावातली चिन्हं मोजतं आणि २५५ पर्यंत चालवून घेतं. पेनड्राइव्हवरही हाच हिशेब असतो. घरगुती नॅस मात्र बहुतेक लिनक्सवर चालतात, आणि तिथे २५५ ही मर्यादा चिन्हांची नसून बाइटांची असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. हे मोजमाप यूटीएफ-८ या पद्धतीचं. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदावर मांडली. जगातल्या सगळ्या लिप्या तिच्यात मावतात, ही मोठीच सोय. पण दोन बाइटांची हद्द २०४७ या क्रमांकाला संपते. ग्रीक, रशियन, अरबी लिप्या तिच्या आत बसल्या. देवनागरीची चिन्हं सुरू होतात २३०४ पासून, म्हणजे हद्दीच्या थोडीशीच पलीकडे.

शिवाय आपण जे एक अक्षर म्हणून वाचतो, ते संगणकाला एक दिसत नाही. ‘विठ्ठल’ आपल्याला तीन अक्षरी. त्याच्या लेखी व, वेलांटी, ठ, हलन्त, पुन्हा ठ आणि ल अशी सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. या हिशेबाने वरचं नाव मोजलं : देवनागरी चिन्हं ६२, त्यांचे १८६ बाइट, मधल्या जागांचे १० आणि टिंबासकट शेवटच्या एमपी३ या रोमन शेपटाचे ४. एकूण बरोबर २००.

दोनशे तर २५५ च्या आत आहेत, मग अडलं कुठे? तुम्ही जाता जाता लिहिलेलं भाच्याबद्दलचं वाक्य इथे कामाला येतं. बऱ्याच नॅसवर एक-एक फोल्डर एन्क्रिप्ट करण्यासाठी ई-क्रिप्ट-एफएस ही व्यवस्था वापरतात. ती मजकुराबरोबर फाइलचं नावही सांकेतिक करते, आणि सांकेतिक नाव मुळापेक्षा बरंच लांब होतं. ते २५५ मध्ये बसावं म्हणून मूळ नावाला १४३ बाइटच मिळतात. इंग्रजीत ही १४३ अक्षरं होतात, देवनागरीत जेमतेम ४७ चिन्हं. म्हणून तुमचा त्रास नेमका तीन महिन्यांपूर्वी सुरू झाला. भाच्याची चूक म्हणता येणार नाही, ही अट सहसा मदतपुस्तिकेत कुठेतरी कोपऱ्यात असते.

खात्री दोन मिनिटांत होईल. अडणाऱ्या एका फाइलची प्रत घ्या, तिचं नाव नुसतं ‘कीर्तन’ ठेवा आणि ती नॅसवर टाका. गेली, तर दोष नावाच्या लांबीचाच. मग नॅसवर एन्क्रिप्ट न केलेला एक नवा फोल्डर करा आणि मूळ लांब नावाची फाइल त्यात टाका. तीही जावी.

उपाय म्हणून बहुतेक जण नावं तोडायला सांगतील किंवा रोमन लिपीत लिहायला सांगतील. मी सांगणार नाही. वडिलांनी कॅसेटीच्या वेष्टनावरचा मजकूर जपून नावात उतरवला आहे. कुठलं देऊळ, कुठलं साल, पूर्वरंग की उत्तररंग, हे आता दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही. आणि कीर्तन कुणापासून लपवायचंय? बँकेचे कागद एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरमध्ये राहू द्या, कीर्तनांसाठी साधा फोल्डर ठेवा आणि बॅकअपच्या प्रोग्राममध्ये त्याचं वेगळं काम लावा. तिथे साधारण ८५ चिन्हं मावतात. तरी एखादं नाव बाहेर राहिलंच, तर त्यातला ठिकाणाचा आणि प्रसंगाचा भाग फोल्डरच्या नावात न्या, कारण मर्यादा प्रत्येक नावाला स्वतंत्र असते. मात्र फोल्डरात फोल्डर असं फार खोल जाऊ नका. विंडोजवरच्या जुन्या प्रोग्रामांना सगळा पत्ता मिळून २६० चिन्हांच्या आत लागतो.

भाच्याला फोन कराल तेव्हा एन्क्रिप्शनची किल्ली कुठे ठेवली आहे तेही विचारून घ्या आणि ती कागदावर छापून कपाटात ठेवा. किल्ली हरवली तर त्या फोल्डरातलं काहीच परत मिळत नाही.

नवा बॅकअप झाला की ‘० फायली राहिल्या’ एवढं वाचून थांबू नका. नॅसवरून चार-पाच कीर्तनं मुलीच्या लॅपटॉपवर उतरवा आणि प्रत्येकाची शेवटची दोन मिनिटं ऐका. अर्धवट उतरलेली फाइल सुरुवातीला अगदी व्यवस्थित वाजते.