निवृत्त होणाऱ्या गुरुजींचा सन्मान
निवृत्त गुरुजींस हार घालून निरोप देण्याची रीत गावोगावी आहे. ती चांगलीच, परंतु त्यांच्या सेवेचे माप हाराने होत नाही. स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परगा येथे व पुढे अंबाजोगाईस मुख्याध्यापक होते. १९३८ साली त्यांनी शाळा सोडिली, ती विश्रांतीकरिता नव्हे. हैदराबाद संस्थानातील सत्याग्रहात उतरून त्यांनी कारावास पत्करिला. त्यांचे कित्येक विद्यार्थीही त्या लढ्यात उतरले. १९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेले विद्यापीठ त्यांचेच नाव धारण करिते. लातूरची महाविद्यालयेही त्यास जोडिलेली आहेत. आपल्या गावच्या निरोपसमारंभी प्रथम जुन्या विद्यार्थ्यांस उभे करावे आणि गुरुजींपासून काय मिळाले ते त्यांच्यासमक्ष वदवावे. पाहुण्यांची भाषणे (ती लांबतातच) मागाहून व्हावीत.