झिंकच्या गोळीला शेवटची तारीख हवी

आमचे थोरले भावजी मोशीत आमच्या शेजारच्याच इमारतीत राहतात आणि चाकण एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतात. मध्यंतरी जिना चढताना त्यांचे पाय अडखळू लागले. रात्रपाळीचा शीण असेल, असं सगळ्यांनी धरलं. मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या आणि अंधारात तोल जाऊ लागला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन उतरलेलं, पांढऱ्या पेशीही कमी, पण लोह आणि बी-१२ व्यवस्थित.

“आणखी काय काय घेता?” रक्तविकारतज्ज्ञांनी असं विचारलं तेव्हा कुठे धागा सापडला. जाऊबाईंनी कपाटातली औषधांची पिशवी पलंगावर ओतली. त्यात झिंकची पन्नास मिलिग्रॅमची गोळी होती, शिवाय झिंक असलेली मल्टिव्हिटॅमिन आणि ‘इम्युनिटी’ची पावडर.

“भावजी, ही गोळी कधीपासून चालू आहे?”

“अगं, तोंडाची चव गेली होती ना, तेव्हा डॉक्टरांनी दिली होती.”

ती दिली होती तेव्हा बरोबरच होती. जुलाब बरेच दिवस चालले होते, रक्तात झिंक कमी आलं होतं आणि चिठ्ठीवर काही आठवड्यांचीच मुदत होती. पुढे रिकामी स्ट्रिप दाखवायची आणि नवी आणायची, असं वर्षाहून जास्त चाललं. तपासणीत तांबं आणि ते रक्तात वाहून नेणारं सेरुलोप्लाझमिन हे प्रथिन, दोन्ही फार कमी निघालं.

झिंकने तांबं कसं कमी होतं, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. झिंक भरपूर आलं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन तयार करतात. ते तांब्याला झिंकपेक्षाही घट्ट धरून ठेवतं. काही दिवसांनी त्या पेशी झडतात आणि तांबं शौचावाटे निघून जातं. विल्सनच्या आजारात शरीरात तांबं साठतं, तिथे डॉक्टर झिंकचा हाच गुण मुद्दाम वापरतात. भावजींचं झिंक बंद झालं, तांबं सुरू झालं आणि काही आठवड्यांत रक्त सुधारलं. पायांचा बधिरपणा मात्र पूर्ण गेलेला नाही. नसांची इजा रक्तासारखी चटकन भरून येत नाही, म्हणूनच हे कळकळीने लिहिते आहे.

झिंकची कमतरता खरीच असते. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशींनुसार पुरुषाला रोज १७ आणि बाईला १३.२ मिलिग्रॅम झिंक लागतं. आपल्या पोळी-भाकरी-डाळीतलं फायटेट ते नीट शोषू देत नाही. मटकीला मोड आणले, पीठ आंबवलं की फायटेट कमी होतं. तीळ, हरभरे, भोपळ्याच्या बिया आणि मटण यांतूनही झिंक मिळतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तर एमएसीएस ४०२८ हा जास्त झिंक असलेला गहू तयार केला आहे. रक्तातलं झिंक ताप आणि संसर्गातही उतरतं, म्हणून एका आकड्यावर गोळी सुरू करू नका.

गोळी घ्यायचीच असेल तर ‘एलिमेंटल झिंक’चा आकडा वाचा. २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेटमध्ये प्रत्यक्ष झिंक सुमारे ५० मिलिग्रॅमच असतं. सगळ्या डब्यांतल्या झिंकची बेरीज करा. मोठ्या माणसाला अन्न धरून दिवसाला ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा आहे. त्यापुढे फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरलेल्या मुदतीपुरतंच जायचं. ती शेवटची तारीख पेनाने स्ट्रिपवर लिहून ठेवा.

फर्स्ट शिफ्टची बस गाठायच्या घाईत उपाशीपोटी गोळी घेतली तर मळमळतं, खाल्ल्यावर घेतली तर सोसते. लोहाची गोळी वेगळ्या वेळी घ्या. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर ते झिंकच्या किमान दोन तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर घ्यावं, नाहीतर अँटिबायोटिकचं काम बिघडतं.

लहान मुलांच्या जुलाबात मात्र उलटी काळजी घ्यावी लागते. तिथे जुलाब थांबले की लोक झिंक बंद करतात. ओआरएसबरोबर रोज २० मिलिग्रॅम (दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०) असा १४ दिवसांचा डोस पुरा करायचा असतो.

आणि पायांना मुंग्या, तोल जाणं, पांढुरकेपणा असं काही दिसलं, तर डॉक्टरांना औषधांची नावं आठवून सांगत बसू नका. घरातल्या सगळ्या बाटल्या, पावडरी, स्ट्रिपा पिशवीत भरून न्या आणि टेबलावर मांडा. लोह आणि बी-१२ ठीक असेल तर तांबं तपासायचं का, हे तिथेच विचारा.