जबड्याचं हाड गोळ्यांनी रुंद होत नाही

“डॉक्टर, हाड कमी पडतंय ना, मग कॅल्शियम सुरू करू का?” पुढचा दात बसवायला आलेले कितीतरी पेशंट हेच विचारतात. काही जण विचारतही नाहीत. गोळ्या खाऊन आणि मोबाइलवर बघून तेलाच्या गुळण्या करूनच येतात. दात गेल्यावर रोडावलेलं हाड यातल्या कशानेही रुंद होत नाही.

कारण ते कॅल्शियमअभावी झिजलेलंच नसतं. दाताचं मूळ होतं तोवर ते टिकून होतं. वरच्या पुढच्या दातांची ओठाकडची हाडाची भिंत बहुतेकांत एक मिलिमीटरहून पातळ असते. दात गेला की तीच आधी विरते. वर्षभरात रुंदी निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली बरीच घट पहिल्या तीन महिन्यांतच होते.

एक शिक्षिका स्कूटरवरून पडल्या आणि त्यांचा वरचा दात गेला. तीन वर्षं त्यांनी काढता-घालता दात वापरला. “दुसरीकडे एक्स-रे बघून लगेच बसवतो म्हणाले, तुम्हीच आढेवेढे घेताय,” असा त्यांचा राग. अहो, साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, रुंदी नाही! सीबीसीटी स्कॅनमध्ये आडवा छेद दाखवला. कडेशी हाड जेमतेम साडेतीन मिलिमीटर. तिथे चार मिलिमीटरचा इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा धातूचा स्क्रू, ठोकला, तर तो ओठाच्या बाजूने उघडा पडणार, हिरडी उतरणार आणि हसताना धातू दिसणार.

घाबरू नका, मार्ग आहेत. ग्राफ्ट म्हणजे हाडाची भर घालून, वर मेम्ब्रेन म्हणजे पातळ पडदा लावून हाड वाढवता येतं. त्याला साधारण चार ते सहा महिने लागतात. मधल्या मोठ्या दाताच्या बाजूच्या लहान दाताला किंवा खालच्या पुढच्या दातांना तीन-साडेतीन मिलिमीटरचा बारीक इम्प्लांट पुष्कळदा चालतो. त्या शिक्षिकांनी ग्राफ्ट करून घेतला, त्या थांबल्या, आणि आता दात पक्का आहे.

मात्र मिसरी, तंबाखू, सिगारेट चालू ठेवून ग्राफ्ट टिकेल अशी आशा धरू नका. मधुमेह असेल तर रक्तातली साखर आटोक्यात आणा. हाडं ठिसूळ झाल्यामुळे आठवड्याची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर आधी सांगा. मनाने बंद करू नका.

शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस सूज येणारच. पण त्यानंतरही सूज वाढत गेली, पू आला, ताप आला, इम्प्लांट हलू लागला किंवा खालच्या जबड्याच्या कामानंतर ओठाचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, तर त्याच दिवशी या. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या खाऊन वाट बघू नका.

आणि दात काढायचा ठरला, की काढण्याआधीच विचारा, “नंतर इथे काय बसवायचं?” शक्य असेल तिथे त्याच वेळी खड्ड्यात ग्राफ्ट भरला, तर बरीच झीज टळते. गोळ्यांवर घालवायचे पैसे त्या कामाला ठेवा.