मैत्रिणीच्या छातीत गाठ निघाली, तर आपण काय करायचे?



गेल्या वर्षी एका रविवारी वंदना आटोपल्यावर विहाराच्या पायऱ्यांवर आम्ही चपला घालत होतो. महिला मंडळातली आमची एक मैत्रीण हळूच म्हणाली, "छातीत गाठ आहे. सात महिने झाले." ती चार घरची धुणीभांडी करते. दुखत नव्हते म्हणून कुणाला सांगितले नाही, असे तिचे म्हणणे. त्यावर आम्ही जे बोललो ते आज आठवले की मान खाली जाते. एक म्हणाली, "काही नसतं गं, दुधाची गाठ असेल." तिचे धाकटे पोर तेव्हा नववीत होते! दुसरीने आपल्या मावशीचे हाल शेवटपर्यंत सांगून टाकले. तिसरीला कुणी जडीबुटीवाला माहीत होता. "दवाखान्यात कधी जायचं? मी येते सोबत," हे म्हणायला कुणालाच सुचले नाही.

तेव्हा पहिली गोष्ट. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून बाई थांबते आणि तिथेच फसगत होते. काखेत गाठ लागणे, कातडीला खळी पडणे, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्तासारखे पाणी येणे, यांतले काहीही दिसले तरी दाखवायला जायचे. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात हेही खरे आहे, पण कोणती गाठ कसली, हे घरी बसून कळत नाही.

हे वस्तीतल्या बायकांना जमण्यासारखे आहे का? मुंबईचेच उदाहरण घ्या. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 साली मुंबईच्या वस्त्यांत मोठा अभ्यास सुरू केला. 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. त्यांच्यापैकी निम्म्या बायकांची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी करत होत्या. ना मशीन, ना मोठा डॉक्टर, नुसत्या हाताने. निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या बायकांत आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात मृत्यूंतली घट ठळक दिसली नाही. पण आजार लवकर सापडला तर ऑपरेशन लहान आणि उपचार सोपा होण्याची शक्यता वाढते, ते सर्वच वयांत.

आता आमची दुसरी चूक. तिने सांगितले आम्हा चौघींना, आणि आठवड्याभरात अर्ध्या वस्तीला कळले. नळावर बायका तिच्याकडे पाहून गप्प होऊ लागल्या. ती आमच्यावर चिडली, पंधरा दिवस बोलली नाही, आणि त्या पंधरा दिवसांत तपासणीही लांबली. कुणाला सांगायचे, कधी सांगायचे, सासरी सांगायचे की नाही, हे ज्या बाईला आजार आहे तिने ठरवायचे. आपण फक्त विचारायचे.

मग आम्ही पाळी ठरवली. दवाखान्याच्या प्रत्येक खेपेला तिच्यासोबत एकजण, हातात वही. डॉक्टर बोलतात तेव्हा घाबरलेल्या माणसाच्या कानात निम्मेच शिरते. आम्ही लिहून घ्यायचो: कोणती तपासणी, कुठल्या खिडकीवर, पुन्हा कधी. न कळलेला शब्द तिथेच विचारायचो. सगळे रिपोर्ट एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावले. पावसाळ्यात घरात पाणी शिरते, म्हणून फाईल पत्र्याच्या पेटीत ठेवली.

सुईने तुकडा काढून तपासतात, त्याला बायोप्सी म्हणतात. तिची सासू अडून बसली, "तुकडा काढला की पसरतं." हे खरे नाही. उलट तुकडा तपासल्याशिवाय कोणता उपचार लागेल ते ठरतच नाही. धोका आहे तो वेगळाच: गल्लीतल्या दवाखान्यात कुणी "कापून टाकतो, दोन टाके पडतील" म्हटले तर ऐकू नये. तपासणीआधीच गाठ अशी कापली की पुढचा उपचार अवघड होतो.

पैशांचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला गाठायचे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड लागते. आमच्या मैत्रिणीच्या रेशनकार्डावर माहेरचे नाव होते आणि आधारवर सासरचे. त्यात चार खेपा गेल्या. हे आपल्या घरात आजच बघून ठेवा, आजाराची वाट पाहू नका. उपचारासाठी मुंबईलाच यावे लागते असेही नाही. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे. गावाहून परळला येणाऱ्यांची दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत सोय होते. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला 75 टक्के. रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला मात्र हवा.

उपचार फुकट झाला तरी खाडे कोण भरून देणार? तिची दोन कामे सुटली. उरलेल्या दोन घरी आमच्यातल्या दोघी बदली जाऊ लागल्या आणि पगार तिच्याच हातात दिला. हे सोपे नव्हते. एकीच्या नवऱ्याने भांडण काढले. पण कामे टिकली.

केमो साधारण दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने देतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस गळून जाते. तेव्हा मटणाचा रस्सा आणि तिखट घेऊन जाऊ नका. तोंड आलेले असते, वासानेही मळमळते. मऊ भात, वरण, उकडलेले अंडे, ताक असा डबा द्यावा, आणि तिला विचारून द्यावा. केस दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात. नंतर येतात. तिने मुलीकडून आधीच केस बारीक कापून घेतले, म्हणजे उशीवर पुंजके बघायला नको.

ताप मात्र साधा समजायचा नाही. केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, विशेषतः दुसऱ्या आठवड्यात. थर्मामीटरने 100.4 किंवा जास्त ताप दिसला तर घरची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री रुग्णालय गाठावे. आमच्या मैत्रिणीला एकदा रात्री अकराला ताप भरला. रिक्षावाला आमच्याच गल्लीतला होता म्हणून वेळ निभावली. तेव्हापासून त्याचा नंबर तिच्या दारावर आतून खडूने लिहिला आहे.

आणि एक गोष्ट बोलायला जीभ रेटत नाही, पण बोलायलाच हवी. तिच्या घरातच तिचे ताट आणि पेला वेगळा ठेवला गेला. कॅन्सर लागत नाही. ताटाने नाही, पेल्याने नाही, शिवण्याने नाही, अंथरुणानेही नाही. ज्यांच्या आजोबांनी हॉटेलाबाहेर बसून वेगळ्या कपात चहा प्यायला, त्यांच्या घरात आजारी सुनेचा पेला वेगळा? आम्ही सासूशी वाद घातला नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तिच्याच पेल्यातून पाणी मागून प्यालो, सासूसमोर.

नवऱ्याला मात्र दुसऱ्याच बाजूने धरावे लागले. तो वाईट नाही, घाबरला होता आणि म्हणून घरी उशिरा येत होता. त्याला "धीर धरा" सांगून काही झाले नाही. "मंगळवारी रक्ततपासणी आहे, आठला निघायचं, तुम्ही न्या," असे नेमके काम दिले तेव्हा तो आला.

ऑपरेशनमध्ये तिचा एक स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. बघायला गेल्यावर छातीकडे टक लावून बघू नये, आणि "आता या वयात काय करायचंय" हे वाक्य तर तोंडातून काढूच नये. ती एकदाच रडली, आरशासमोर. आम्ही काही बोललो नाही, बसून राहिलो. त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून शिकवलेले व्यायाम रोज करायचे असतात. सुरुवातीला भरलेला हंडा त्या हाताने उचलायचा नाही. पाण्याची पाळी आमच्यातल्या शेजारणीने घेतली. मग महिनाभर शेक झाले, आठवड्याचे पाच दिवस. शेक काही मिनिटांचा, जाण्यायेण्यात दिवस.

आता ती पुन्हा कामावर जाते. तिची गाठ हार्मोनवर वाढणारी होती, म्हणून रोज एक गोळी किमान पाच वर्षे घ्यायची आहे. बरे वाटते म्हणून मधेच गोळी सोडणाऱ्या पुष्कळ असतात, आणि पाच वर्षांनी कुणी तब्येत विचारायलाही येत नाही. म्हणून रविवारी विहारात भेटलो की आम्ही आधी पाकीट बघतो. ती वैतागून म्हणते, "घेतली गं बायांनो," आणि पर्समधून रिकामे पाकीट काढून दाखवते.